बलवंतराय मेहता : गावचा पैसा आणि गावचा अधिकार

स्वातंत्र्योत्तर भारताच्या ग्रामजीवनावर ज्या थोड्या व्यक्तींच्या विचाराचा ठसा कायद्याच्या रूपाने उमटला, त्यांत बलवंतराय गोपालजी मेहता यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी मोठी ग्रंथरचना केली नाही किंवा स्वतंत्र विचारसंप्रदायही स्थापन केला नाही. त्यांचे नाव मागे राहिले ते एका सरकारी समितीच्या अहवालामुळे. असे असले तरी त्या अहवालातील मूळ प्रश्न अद्याप सुटलेला नाही. शासन गावासाठी जो पैसा खर्च करते, तो कसा खर्चावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. मेहतांचे चरित्र या प्रश्नाच्या अनुरोधाने वाचणे उद्बोधक ठरेल.

बलवंतरायांची जडणघडण भावनगर संस्थानात झाली. बी. ए. पर्यंत शिक्षण घेऊनही परकीय सरकारची पदवी घेण्याचे त्यांनी नाकारले आणि 1920 साली ते असहकाराच्या चळवळीत उतरले. पुढच्याच वर्षी त्यांनी भावनगर प्रजा मंडळाची स्थापना केली. संस्थानी प्रजेची स्थिती ब्रिटिश मुलुखातील प्रजेहून निराळी होती. तेथे राज्यकारभार ही राजाची मर्जी असे. रस्ता, विहीर किंवा शाळा मिळाली तर ती कृपा म्हणून मिळे; हक्क म्हणून मागण्याची सोय नसे. ज्याचे सार्वजनिक जीवन या अनुभवातून आरंभ पावले, त्याला पुढे विकास आणि उपकार यांतील भेद स्पष्ट दिसावा, यात नवल नाही.

बार्डोलीच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. 1930 ते 1932 च्या कायदेभंगात आणि 1942 च्या आंदोलनात त्यांना कारावास घडला. आयुष्याची सुमारे सात वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. लाला लजपतराय यांनी स्थापन केलेल्या लोकसेवक मंडळाचेही ते कार्यकर्ते होते. जानेवारी 1948 मध्ये भावनगरच्या महाराजांनी जबाबदार राज्यपद्धती स्वीकारली, तेव्हा त्या सरकारचे प्रमुखपद बलवंतरायांकडे आले. ज्या संस्थानात त्यांनी प्रजेसाठी लढा दिला, तेथेच प्रजेच्या वतीने कारभार हाती घेण्याचा योग त्यांना लाभला. पुढे ते लोकसभेत गेले आणि तेथे अंदाज समितीचे अध्यक्ष झाले. सरकारी खर्चाची छाननी करणे हे या समितीचे काम. पैसा कोठून निघतो, कोणाच्या हातून जातो आणि अखेर कोठे पोहोचतो, हे पाहण्याची सवय त्यांना या कामाने लावली असावी.

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात 55 सामूहिक विकास प्रकल्पांचा आरंभ झाला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा तिला जोडून आली. विकासगट आखले गेले, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक नेमले गेले, बी-बियाणे, विहिरी, रस्ते, आरोग्य यांसाठी रकमा मंजूर झाल्या. गावाने आपणहून पुढे यावे, हा या योजनेचा गाभा होता. प्रत्यक्षात उद्दिष्टे वरून ठरत, रकमा खात्यांमार्फत उतरत आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्च दाखविण्याची घाई होई. गावकऱ्याच्या वाट्याला श्रमदान येई. निर्णय येत नसे.

या कामाची तपासणी करण्यासाठी जानेवारी 1957 मध्ये मेहतांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सादर झाला. योजनेला लोकांचा पुढाकार जागवता आला नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. मात्र याचा दोष तिने लोकांच्या अनास्थेवर ढकलला नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याच्या हाती अधिकार नाही, त्याने आस्था दाखवावी ही अपेक्षाच अवास्तव होय, असा तिच्या युक्तिवादाचा रोख होता. म्हणून ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय रचना तिने सुचविली. पंचायत समितीला विकासाची खरी जबाबदारी द्यावी, जमीन महसुलाचा ठरलेला वाटा, उपकर आणि शासकीय अनुदाने तिला मिळावीत, आणि विकासगटात होणारा शासकीय खर्च तिच्यामार्फतच व्हावा, अशा त्या शिफारशी होत्या. अधिकार आणि पैसा यांची फारकत करू नये, हे त्यांचे सार.

तथापि अहवालात एक संकोचही आहे. जिल्हा परिषद प्रामुख्याने सल्लागार राहावी आणि तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असावे, असे समितीला वाटले. महाराष्ट्राने या बाबतीत निराळी वाट धरली. 1960 साली नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने जिल्हा परिषदेलाच बलवान केले आणि जिल्हाधिकाऱ्याला तिच्याबाहेर ठेवले. त्यानुसार 1 मे 1962 पासून तेथे जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तत्पूर्वी 2 ऑक्टोबर 1959 रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचे उद्घाटन झाले होते.

1963 साली बलवंतराय गुजरातचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी त्या राज्यात पंचायत राज्याचा अंमल सुरू झाला होता. आपल्या शिफारशींचे व्यवहारात काय होते, हे पाहण्यास त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. 19 सप्टेंबर 1965 रोजी, भारत-पाक युद्ध चालू असताना, कच्छच्या सीमाभागाकडे जाणारे त्यांचे विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. त्यांच्या पत्नी सरोजबेन आणि इतर सहप्रवासी यांच्यासह त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1968 मध्ये, श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ ही हिंदी कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत सहकारी संस्था, शाळा आणि पंचायत एकाच वैद्यजींच्या बैठकीतून हलविल्या जातात. अहवालाने जे गाव गृहीत धरले होते, त्यात जात, जमीन आणि वशिला यांचे वजन पुरेसे मोजलेले नव्हते. कादंबरीकाराने ते मोजले. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने हे दोन लेख, एक शासकीय आणि एक ललित, शेजारी ठेवून वाचावेत. त्यांचा विषय एकच आहे.

परंतु या टीकेने मेहतांचा मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. सत्तेचा गैरवापर होतो म्हणून सत्ता वरच ठेवावी, असे म्हटले तर वरचे गैरवापर अदृश्य होतात, एवढेच. 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक आधार दिला, नियमित निवडणुका आणि स्त्रिया व मागास वर्ग यांच्यासाठी राखीव जागा आणल्या आणि राज्य वित्त आयोगाची तरतूद केली. वैद्यजींच्या बैठकीला हे काही अंशी उत्तर होय. पैशाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. चौदाव्या वित्त आयोगाने आपली अनुदाने केवळ ग्रामपंचायतींना दिली. पंधराव्याने ती तिन्ही स्तरांना दिली, पण त्यांचा मोठा भाग पाणी व स्वच्छता या कामांशी बांधून ठेवला. कामे निकडीची आहेत, यात शंका नाही. परंतु रक्कम येण्यापूर्वीच तिचा विनियोग ठरलेला असेल, तर ग्रामसभेने बसून ठरवायचे काय? बलवंतरायांच्या अहवालाने 1957 साली हाच प्रश्न विचारला होता. त्यांचे खरे स्मारक या प्रश्नाच्या उत्तरातच उभे राहू शकेल.