सागरतळाची तार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील वार्ता आगबोटीने अमेरिकेस पोचावयास दहा-बारा दिवस लागत. दोन्ही खंडांत जमिनीवर तारायंत्रे चालू झाली होती. पण मध्ये अटलांटिक महासागर पसरलेला होता. तो तारेने जोडण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, तो सायरस फील्ड शास्त्रज्ञ नव्हता, इंजिनियरही नव्हता. तो होता कागदाचा व्यापारी!

फील्डचा जन्म 1819 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी तो न्यूयॉर्कला येऊन एका दुकानात काम करू लागला. पुढे कागदाच्या व्यापारात त्याने विपुल धन मिळविले. 1854 साली एक इंजिनियर त्याच्याकडे साह्य मागावयास आला. त्यास न्यूफाउंडलंड बेटापर्यंत तार न्यावयाची होती. पाहुणा गेल्यावर फील्ड पृथ्वीचा गोल न्याहाळू लागला. तार बेटापाशीच का थांबावी? समुद्राखालून ती थेट आयर्लंडला का जाऊ नये?

तांब्याच्या तारांवर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे वेष्टन आणि बाहेरून लोखंडी तारांचा वेढा, अशी ती तार होती. 1857 साली ती समुद्रात सोडताना तुटली. पुढील वर्षीही आरंभी अपयशच आले. अखेर 5 ऑगस्ट 1858 रोजी तार दोन्ही किनाऱ्यांस लागली. व्हिक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश यावयास सोळा तास लागले. तरी लोकांच्या आनंदास सीमा राहिली नाही. न्यूयॉर्कमध्ये एवढे दारूकाम उडाले की, नगरभवनाच्या छपरासच आग लागली!

आणि महिना उलटण्यापूर्वीच तार मुकी झाली. विजेचा दाब फार वाढविल्यामुळे तिचे वेष्टन निकामी झाले होते. कालपर्यंत फील्डचा जयजयकार करणारे लोक आता त्याच्याकडे संशयाने पाहू लागले. संदेश मुळी आलाच नव्हता, हे सारे ढोंग होते, असेही काहीजण म्हणू लागले. चोरीचा आळ आलेल्या निरपराध माणसाची जी स्थिती होते, तीच त्याची झाली. त्यातच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तरीही तो वारंवार इंग्लंडला जाऊन भांडवल गोळा करीत राहिला. बोट लागण्याचा त्याला मोठा त्रास होता, हे येथे सांगितलेच पाहिजे.

1865 साली त्या काळच्या सर्वांत मोठ्या, ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावर सारी तार चढविण्यात आली. अर्ध्याहून अधिक मार्ग संपला असता ती पुन्हा तुटून खोल पाण्यात गेली. लोखंडी आकडे सोडून ती पकडली. परंतु वर ओढताना दोरच तुटत. जहाज रिकाम्या हाताने परतले.

27 जुलै 1866 रोजी मात्र नवी तार न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यास लागली, आणि ती टिकली. एवढ्यावर न थांबता जहाज मागे फिरले, गतवर्षी बुडालेली तार त्याने तळातून उचलली आणि तीही पुरी केली. 1870 साली याच जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली.

उतारवयात शेअरबाजारात फील्डची बहुतेक संपत्ती बुडाली. 1892 साली तो वारला. 1988 साली अटलांटिकच्या तळाशी काचेच्या तंतूंची पहिली तार पडली आणि संदेश विजेऐवजी प्रकाशाने जाऊ लागले.