दारावरची थाप

रविवारच्या मिस्साला गायनवृंदाबरोबर गिटारचे सूर ऐकण्याची आपल्याला आता सवय झाली आहे. एके काळी मात्र गिटार म्हणजे गुत्त्यातले, रस्त्यावरचे वाद्य समजले जाई. चर्चमध्ये मान होता तो ऑर्गनला. अशा काळात सहा तारांच्या या साध्या वाद्यातून कॅथेड्रलची प्रार्थना उभी करणारे एक कलावंत दक्षिण अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव आगुस्तिन बारियोस.

बारियोस यांचा जन्म ५ मे १८८५ रोजी पराग्वे देशात झाला. गावाचे नाव सान हुआन बाउतिस्ता, म्हणजेच संत योहान बाप्तिस्ता. प्रांताचे नाव मिसियोनेस, म्हणजे मिशनांचा मुलूख. या नावामागे मोठा इतिहास आहे. १६०९ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी या प्रदेशात सान इग्नासियो हे गाव वसवले. गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून ग्वारानी आदिवासींचे रक्षण व्हावे आणि त्यांना ख्रिस्ताची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे रक्तसाक्षी झालेल्या संत रोके गोन्सालेस यांनीही येथे सेवा केली. अशी तीस गावे उभी राहिली. प्रत्येक गावाच्या मधोमध चर्च आणि चर्चमध्ये संगीत! ग्वारानी लोक व्हायोलिन, हार्प, ऑर्गन वाजवायला शिकले, इतकेच नव्हे तर ही वाद्ये स्वतःच्या हातांनी बनवूही लागले. १७६७ साली स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना हद्दपार केले. गावे ओस पडत गेली, चर्चच्या भिंती कोसळल्या. पण लोकांच्या बोटांतले संगीत कोणाला हद्दपार करता आले नाही.

त्याच मातीत आगुस्तिन वाढले. आई शिक्षिका होती. घरात पुस्तकेही होती आणि वाद्येही. मुलाचे गिटारवरचे प्रभुत्व पाहून गुस्ताव्हो सोसा एस्कालादा या गुरूंनी त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण दिले. १९१० साली ते एका छोट्या दौऱ्यासाठी शेजारच्या अर्जेंटिनात गेले, ते घरी परतायला एक तप उलटून गेले. अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील असे फिरत ते गावोगावी वाजवत राहिले. १९१३ च्या सुमारास त्यांच्या वादनाच्या तबकड्या निघू लागल्या. गिटारवादनाच्या जगातील सर्वांत पहिल्या ध्वनिमुद्रणांत त्यांची गणना होते.

उरुग्वेमध्ये असताना एकदा ते संत योसेफाच्या कॅथेड्रलमध्ये गेले. आत ऑर्गनवर बाखचे संगीत चालू होते. त्या अनुभवातून १९२१ साली ‘ला कातेद्राल’ म्हणजे ‘कॅथेड्रल’ ही रचना जन्माला आली. तिचा एक भाग संथ आहे. गिटारचे भरदार स्वर ऑर्गनसारखे घुमतात आणि आपण जणू वेदीसमोर गुडघे टेकतो. त्यानंतरचा भाग वेगवान आहे. चर्चचे दार उघडून माणूस बाहेर पडतो आणि रस्त्यावरची धावपळ त्याला वेढून टाकते. पुढे १९३८ साली त्यांनी या रचनेला सुरुवातीचा आणखी एक भाग जोडला.

त्याच १९२१ साली ब्युनोस आयर्समध्ये त्यांनी स्पेनचे नामवंत गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांना ही रचना ऐकवली. सेगोव्हियांनी कौतुक केले, पण आपल्या मैफलींत ती कधीच वाजवली नाही. बारियोस गिटारला धातूच्या तारा लावत, तेही जाणकारांना खटके. मायदेशातही हवा तसा आधार मिळाला नाही. १९२५ साली त्यांनी पराग्वे सोडला, तो कायमचा.

१९३२ पासून काही वर्षे ते डोक्यावर पिसांचा मुकुट घालून ‘नित्सुगा मांगोरे’ या नावाने रंगमंचावर येत. ‘नित्सुगा’ म्हणजे उलटा लिहिलेला ‘आगुस्तिन’ आणि मांगोरे हे दंतकथेतील एका आदिवासी सरदाराचे नाव. काहींना तो केवळ तमाशा वाटला. परंतु ज्या ग्वारानी रक्ताकडे जग तुच्छतेने पाहत होते, तेच रक्त बाखचे संगीत वाजवू शकते, हे त्या वेषात लोकांना डोळ्यांनी दिसत होते. १९३४ मध्ये ते युरोपात गेले आणि ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयातही त्यांनी आपली कला सादर केली.

प्रकृती खालावल्यावर बारियोस मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात स्थायिक झाले. तेथे ते मोजक्या विद्यार्थ्यांना शिकवत. हृदयविकार जडलेला आणि गाठीला फारसे काही नाही, असे ते दिवस होते. १९४४ साली एके दिवशी दारावर थाप पडली. परमेश्वराच्या प्रेमाखातर भिक्षा मागत एक गरीब वृद्धा उभी होती. तिचा तो याचनेचा सूर आणि दारावरची ती थाप त्यांच्या मनातून जाईना. त्यातून त्यांची अखेरची रचना तयार झाली आणि तिला त्यांनी त्या याचनेचेच नाव दिले. तिच्यात थापेचे दोन ठोके सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येत राहतात. वरून सूर अश्रूंसारखा थरथरत वाहतो, पण खाली ती थाप थांबत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ७ ऑगस्ट १९४४ रोजी, सान साल्वादोर येथे त्यांचे निधन झाले.

काही काळ जग त्यांना विसरले. १९७७ साली गिटारवादक जॉन विल्यम्स यांनी त्यांच्या रचनांची संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली आणि जगभरचे विद्यार्थी त्या शिकू लागले. ज्या मायदेशात त्यांना आधार मिळाला नव्हता, त्या पराग्वेने पुढे त्यांचे चित्र आपल्या ५०,००० ग्वारानीच्या नोटेवर छापले. आयुष्यभर पैशाची चणचण सोसलेल्या माणसाचा हा केवढा सन्मान!

बारियोस यांच्या जीवनात दोन दारे दिसतात. एका दारातून ते कॅथेड्रलच्या शांततेतून रस्त्यावर आले. दुसऱ्या दारावर रस्त्यावरची गरिबी त्यांच्याकडे चालत आली. ताबोर डोंगरावर राहावेसे वाटले तरी शिष्यांना खाली उतरावेच लागले, कारण पायथ्याशी एक दुःखी बाप आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता. आपणही मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारातून बाहेर पडतो. आत ऐकलेला सूर आपल्या कानांत असतोच. घरी पोहोचल्यावर दारावर थाप पडली, तर तीही त्याच गीताचा भाग आहे, हे ओळखण्याची कृपा प्रभू आपणांस देवो.