लकवा मारलेले पेशंट वर्षानुवर्षं खाटेवर पडून होते, या डॉक्टर बाईंनी त्यांना उठवून चालायला लावलं

घरात कुणाला लकवा मारला की पहिले काही दिवस नुसती धावपळ असते. ॲम्ब्युलन्स, सीटी स्कॅन, आयसीयू. जीव वाचला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण खरी लढाई तिथून पुढे सुरू होते. हात हलेल का? पाय टाकता येईल का? आपल्या हाताने जेवता येईल का?

या प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतात. पेशंटकडून व्यायाम किती करून घेतला जातो यावर.

आज ही गोष्ट साधी वाटते. पण ९० वर्षांपूर्वी लकवा म्हणजे खाट आणि खाट म्हणजे शेवट, असंच समजलं जायचं. हा समज मोडून काढणाऱ्यांमध्ये एक नाव फार वरचं आहे, डॉ. मार्जरी वॉरन.

मार्जरी यांचा जन्म १८९७ सालचा, लंडनचा. पाच बहिणींमध्ये त्या थोरल्या. बायकांनी डॉक्टर होणं तेव्हा इंग्लंडमध्येही सरसकट नव्हतं. पण मार्जरी शिकल्या, १९२३ ला डॉक्टर झाल्या आणि १९२६ ला पश्चिम लंडनमधल्या आयझलवर्थच्या दवाखान्यात रुजू झाल्या. पुढे हाच दवाखाना वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल म्हणून ओळखला जाऊ लागला.

या दवाखान्याला लागूनच एक वर्कहाऊस होतं. वर्कहाऊस म्हणजे गोरगरीब आणि निराधार लोकांना ठेवायची सरकारी जागा. १९३५ ला त्याचा आजारी लोकांचा विभाग हॉस्पिटलच्या ताब्यात आला आणि तिथली जबाबदारी मार्जरी यांच्यावर पडली.

तिथे जुनाट आजाराच्या पेशंटसाठी तब्बल ७१४ खाटा होत्या.

त्यांच्यात म्हातारे होते, तरुण होते, लकवा मारलेले होते, स्मृती गेलेले होते. सगळे एकाच वॉर्डात कोंबलेले. कित्येकांना नेमकं झालंय काय, हे कुणी नीट तपासलंही नव्हतं. खायला घालायचं, अंग पुसायचं आणि पडू द्यायचं, एवढीच काय ती सेवा.

आता नुसतं पडून राहिल्याने काय होतं?

लकव्यात मेंदूचा काही भाग निकामी होतो आणि अंगाची एक बाजू लुळी पडते. ती बाजू हलवलीच नाही तर स्नायू वाळतात, सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात. म्हणजे अर्धं नुकसान लकवा करतो आणि उरलेलं खाट करते.

मार्जरी यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी एकेका पेशंटला तपासायला घेतलं. कुणाला काय झालंय, कोण बरा होऊ शकतो, कुणाला कायमची शुश्रूषा लागेल, अशी विभागणी केली. अंधारलेल्या वॉर्डांचा रंग बदलला, उजेड वाढवला, धरून चालता यावं म्हणून कठडे बसवले.

आणि मुख्य म्हणजे पेशंटला खाटेवरून खाली उतरवलं.

आधी बसायचं, मग उभं राहायचं, मग एकेक पाऊल. कपडे स्वतः घालायचे, घास स्वतः उचलायचा. हे एकट्या डॉक्टरचं काम नव्हतं. नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, समाजसेवक अशी सगळी टीम एका पेशंटमागे उभी करायची, ही त्यांची पद्धत.

निकाल काय लागला? वर्षानुवर्षं पडून असलेले कित्येक पेशंट चालायला लागले, घरी गेले. ७१४ खाटांचं काम २४० खाटांवर भागायला लागलं.

१९४३ आणि १९४६ ला त्यांनी नावाजलेल्या वैद्यकीय मासिकांमध्ये लेख लिहून हा अनुभव मांडला. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी वैद्यकशाखा हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९४७ ला याच विषयावर काम करणारी डॉक्टरांची संस्था ब्रिटनमध्ये उभी राहिली, त्यात मार्जरी होत्याच. १९४८ ला ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि या शाखेला तिथे जागा मिळाली.

१९६० ला परदेशी परिषदेला जाताना फ्रान्समध्ये त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यातच त्या गेल्या. वय होतं ६२. आज त्यांना ब्रिटनमध्ये वृद्धवैद्यकाची जननी म्हणतात.

पण विषय इथे संपत नाही.

लुळ्या हाताला काम देत राहिलं, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतली, तर मेंदूचा शाबूत भाग ते काम नव्याने शिकू शकतो, हे आता विज्ञानाने दाखवलंय. म्हणून थेरपी किती मिळते, हा प्रश्न कळीचा. ब्रिटनमध्ये आधी प्रत्येक थेरपी दिवसाला किमान ४५ मिनिटं द्यावी, असा सल्ला होता. २०२३ ला तिथल्या नाइस या संस्थेने नवीन सल्ला दिला. ज्या पेशंटला झेपेल त्याला सगळ्या थेरपी मिळून दिवसाला किमान ३ तास, आठवड्यातून किमान ५ दिवस.

कागदावर हे झालं. पण एवढे तास द्यायला थेरपिस्ट लागतात, आणि ते तिथेही पुरेसे नाहीत. त्यामुळे आजही लकव्याच्या पेशंटचा दिवसातला बराचसा वेळ खाटेवर नाहीतर खुर्चीत बसूनच जातो.

म्हणून आपल्या माणसाला लकवा झाला, तर औषधांच्या यादीसोबत डॉक्टरांना अजून एक प्रश्न नक्की विचारा. व्यायाम कधी सुरू करायचा आणि रोज किती वेळ करायचा?

मार्जरी वॉरन यांनी ७१४ खाटांसमोर उभं राहून हाच हिशोब मांडला होता.