नजरेची खिदमत करणारा राजा : तंजावरचे सरफोजी

बीडहून आष्टी-कड्याच्या रस्त्याने नगरकडे निघाले की जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे भातोडीचा परिसर लागतो. १६२४ मध्ये येथे झालेल्या लढाईत शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी कामी आले. आणखी पुढे, नगर शहराजवळ शाह शरीफ या सूफी बुजुर्गांचा दर्गा आहे. मालोजीराजे भोसले यांनी येथे संततीसाठी दुआ मागितली आणि झालेल्या दोन्ही मुलांना पीरसाहेबांचेच नाव दिले, एक शहाजी आणि दुसरा शरीफजी, अशी परंपरा आहे. पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले आणि तिथे मराठ्यांची गादी उभी राहिली. शरीफजी हे नावही त्या घराण्यासोबत दक्षिणेत गेले आणि बोलता बोलता 'सरफोजी' झाले. या नावाच्या दुसऱ्या राजाने गोरगरिबांच्या डोळ्यांसाठी जे काम केले, ते मराठी मुलखात अजूनही फारसे ठाऊक नाही.

दुसरे सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. १७८७ मध्ये त्यांनी भोसले कुळातल्या या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांच्या मुलाचा वाली म्हणून तंजावरात राहणारे जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांना नेमण्यात आले होते. पण तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादी बळकावली. सरफोजींचे काही वर्षांचे बालपण वाड्यात जवळपास कैदेतच गेले. ना धड शिक्षण, ना मोकळा वावर. श्वार्ट्झ यांनी इंग्रजांकडे पाठपुरावा केला आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवले. तिथे त्यांना इंग्रजी आणि नव्या शास्त्रांची गोडी लागली. ज्या वर्षी श्वार्ट्झ वारले त्याच वर्षी, म्हणजे १७९८ मध्ये, सरफोजी गादीवर बसले. आपल्या या पालकासाठी त्यांनी पुढे तंजावरच्या चर्चमध्ये संगमरवरी स्मारक उभारले. स्वतः मात्र ते शेवटपर्यंत आपल्याच धर्माचे निष्ठावान राहिले.

गादी मिळाली, पण राज्य मिळाले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सगळा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. फौज नाही, मुलूखगिरी नाही. असे किती तरी संस्थानिक शिकारीत आणि मैफलीत रमले. बावीस वर्षांच्या सरफोजींनी वाचनात, शिक्षणात आणि दवाखान्यात मन घातले. सरस्वती महाल या ग्रंथालयात त्यांनी हजारो पोथ्या आणि युरोपातून मागवलेली पुस्तके जमवली. १८०५ च्या सुमारास देवनागरी टाइपांचा छापखाना काढला. त्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतरही बाहेर पडले. महाराष्ट्रात छपाई रुजण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

वाटसरूंसाठी घराण्याने बांधलेली अन्नछत्रे त्यांनी नीट चालवली. तिथे जात न पाहता जेवण मिळे, आजारी माणसाला वैद्य मिळे आणि बाळंतिणीची काळजी घेतली जाई. हीच रीत त्यांच्या आधीच्या राजांची होती. नागूरच्या शाहुल हमीद दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंगांनी बांधला, तर तुळजाजींनी त्याच दर्ग्याला जमीन इनाम दिली.

सरफोजींच्या कामात सर्वांत वेगळा होता धन्वंतरी महाल. येथे आयुर्वेदाचे वैद्य, युनानी हकीम, तमिळ सिद्ध वैद्य आणि पाश्चात्त्य डॉक्टर एका छताखाली काम करत. औषधे तयार होत, रुग्णांवर वापरली जात आणि गुण आला तर कृती लिहून ठेवली जाई. ही कृतींची पुस्तके 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने तमिळ पद्यात रचली गेली. त्यांतला एक भाग केवळ डोळ्यांच्या विकारांचा आहे.

मोतीबिंदू हा तेव्हाही आंधळेपणाचा मोठा धनी होता. बुबुळामागचे पारदर्शक भिंग गढूळ होते आणि उजेड आत जात नाही. सुश्रुताच्या काळापासून त्यावर एकच उपाय होता. डोळ्यात बाजूने सुई घालून गढूळ भिंग खाली ढकलायचे. नजर तात्पुरती उघडे, पण भिंग डोळ्यातच राहिल्याने पुढे सूज येऊन अनेकांचा डोळा कायमचा जाई. अरबी वैद्यकात डोळ्यांच्या हकिमाला 'कहाल' म्हणतात, सुरम्याच्या 'कुहल' या शब्दावरून. मोसूलच्या अम्मार बिन अली या कहालाने इजिप्तमध्ये अकराव्या शतकाच्या सुरुवातीला पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू शोषून काढण्याची युक्ती लिहून ठेवली होती. अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या दाविएल यांनी डोळ्याला छेद देऊन भिंगच बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची ही विद्या ज्या मोजक्या ठिकाणी समोरासमोर आली, त्यांत तंजावर होते.

सरस्वती महालात जपलेले १८२७ च्या आसपासचे कागद याची साक्ष देतात. चाळीसहून अधिक नेत्ररुग्णांची ही टिपणे आहेत. रुग्ण कोण, वय काय, तक्रार काय, उपचार कोणता केला, गुण किती आला हे त्यांत लिहिले आहे. सोबत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. लाली कुठे, फूल कुठे, बुबुळ कसे, हे चित्रकाराने बारकाईने दाखवले आहे. आज नेत्रविभागात यंत्राने डोळ्याचा फोटो काढून फाइलला लावतात, ते काम तेव्हा कुंचल्याने केले. सरफोजी स्वतः शस्त्रक्रिया करत आणि प्रवासातही शस्त्रांची पेटी जवळ ठेवत, असे सांगितले जाते. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉ. बद्रीनाथ यांच्या लक्षात हे कागद आले, तेव्हा आजच्या नेत्रतज्ज्ञांनाही नवल वाटले.

१८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला येऊन गेले. युरोपातल्या रसायन आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ग्रंथांवर हा राजा सहज बोलतो, हे पाहून ते थक्क झाले. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारसाविना वारले आणि कंपनीने गादीही संपवली. ग्रंथालय मात्र राहिले आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

सरफोजींच्या रुग्णांना जे मिळू शकत नव्हते, ते आज मिळते. १९४९ मध्ये लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. आता बारीक छेदातून मोतीबिंदू काढून घडीचे भिंग बसवतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गरिबांसाठी ही सोय आहे. तरीही बीडच्या गावागावांत म्हातारी माणसे 'मोती पिकू दे, मग काढू' म्हणत थांबतात. हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता पिकण्याची वाट पाहायची नसते. उलट फार पिकलेला मोती कठीण होतो, कधी डोळ्यातला दाब वाढवतो आणि नजर कायमची जाऊ शकते. त्यात दिवाळीनंतर कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि गावात राहिलेल्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेणारे कोणी उरत नाही.

रमजानमध्ये जकात आणि फित्र्याचा हिशेब घरोघरी होतो. शेजारच्या कोण्या म्हाताऱ्या माणसाला धूसर दिसते, हेही याच दिवसांत विचारून घ्यावे. त्याला तपासणीच्या दिवशी हात धरून दवाखान्यात नेणे, एवढी खिदमत कोणालाही करता येते.