तवंगाचे मोजमाप करणाऱ्या आग्नेस पोकेल्स

डिशवॉशरमधून निघालेल्या काचेच्या पेल्यावर पांढुरके ठिपके दिसले, की साबणाला दोष दिला जातो. वास्तविक ते ठिपके पाण्याच्या थेंबांचे असतात. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, म्हणून पाणी काचेवर पसरण्याऐवजी थेंबाथेंबाने साचते. थेंब वाळला की त्यातील क्षार तिथेच उरतात. अखेरच्या विसळणीत यंत्र जे थोडेसे रिन्स एड सोडते, ते ही ओढ, म्हणजेच पृष्ठताण, कमी करते. मग पाणी पातळ पडद्यासारखे पसरून निथळून जाते. पाण्यावरील अतिसूक्ष्म थरामुळे पृष्ठताण कसा बदलतो, याचे काटेकोर मोजमाप ज्यांनी आरंभी केले, त्यांत विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या एका जर्मन स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. रिन्स एड त्यांनी शोधले नाही. ते ज्या ज्ञानावर उभे आहे, त्या ज्ञानाच्या पायाभरणीत मात्र त्यांचा वाटा आहे.

आग्नेस पोकेल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. ते शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते आणि वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. हिवतापाने वडिलांची प्रकृती खालावली व १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे स्थायिक झाले. मुलींच्या शाळेत आग्नेस यांना भौतिकशास्त्राची ओढ लागली. पण त्या काळी तेथील विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेला भाऊ फ्रिडरिश ग्यॉटिंगेनला शिकून भौतिकशास्त्रज्ञ झाला. बहिणीच्या वाट्याला आजारी आईवडिलांची शुश्रूषा व घरकाम आले. पुढे विद्यापीठांची दारे किलकिली झाली, तेव्हाही आईवडिलांच्या इच्छेखातर त्या घरीच राहिल्या. भाऊ पाठवील ती पुस्तके हेच त्यांचे विद्यापीठ.

भांडी घासताना ओशट पाण्यावर पसरणाऱ्या तवंगाने त्यांचे लक्ष वेधले, असे घरच्यांच्या आठवणी सांगतात. तो तवंग रोज कोट्यवधी स्त्रिया पाहत व कपाळाला आठी घालून ओतून देत. आग्नेस यांनी विशीच्या आसपास त्यासाठी उपकरण बनवले. पत्र्याची एक लांबट, उथळ पन्हळ काठोकाठ पाण्याने भरायची. तिच्यावर आडवी पत्र्याची पट्टी ठेवून ती सरकवायची, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हवा तसा लहान-मोठा होई. पृष्ठभागाला टेकवलेली गुंडीएवढी चकती तराजूने वर उचलताना किती जोर लागतो, यावरून पृष्ठताण मोजता येई. स्वयंपाकघरातील वस्तूंतून साकारलेली ही योजना इतकी साधी होती, की तिची थोरवी चटकन ध्यानात येत नाही.

तिच्यातून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. तवंग विरळ असेतो पृष्ठताण जवळपास शुद्ध पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवून तो थर एका ठरावीक मर्यादेपलीकडे दाटवला, की मात्र पृष्ठताण झपाट्याने घसरू लागतो. ही मर्यादा म्हणजे पाण्यावर रेणूंचा एकपदरी थर दाटीने बसण्याची अवस्था, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

जवळजवळ दहा वर्षे हे काम घरातच पडून होते. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले याच विषयावर प्रयोग करीत असल्याचे कळताच आग्नेस यांनी १० जानेवारी १८९१ रोजी त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. आपले निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत छापण्याच्या स्थितीत आपण नाही, हेही त्यात प्रांजळपणे नमूद केले होते. रॅले यांच्या पत्नीने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. रॅले यांनी तो शिफारशीसह ‘नेचर’कडे धाडला आणि १२ मार्चच्या अंकात तो प्रसिद्ध झाला. मोठेपणा रॅले यांचाही: अनोळखी बाईचे काम त्यांनी तिच्याच नावाने जगापुढे ठेवले.

त्यानंतर आग्नेस यांचे आणखी लेख प्रसिद्ध झाले, पण आजारपणांची सेवा काही सुटली नाही. १९१३ मध्ये फ्रिडरिश गेले, पाठोपाठ महायुद्ध आले आणि संशोधन मागे पडत गेले. अमेरिकेत आयर्विंग लँगम्युअर यांनी त्यांच्याच पन्हळीचे सुधारित रूप वापरून पृष्ठभागांचे रसायनशास्त्र उभे केले. त्या कार्याबद्दल लँगम्युअर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, सत्तरी गाठलेल्या आग्नेस पोकेल्स यांना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्याच गावी त्यांचे निधन झाले.