सेवकांचे ऐकणारा धनी : जॉन स्पीडन लुईस

लंडन शहरातील ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईस नावाच्या गृहस्थाने १८६४ साली कापडाचे एक लहानसे दुकान थाटले. पहिल्या दिवशी गल्ल्यात एक पौंडही जमला नाही. परंतु रास्त भाव आणि मालाची विविधता यांच्या बळावर त्या दुकानाची पुढे मोठी पेढी झाली. धनी सचोटीचा होता, कष्टाळू होता. मात्र नोकरांना पगार देताना त्याचा हात आखडता असे.

या गृहस्थाचे थोरले चिरंजीव जॉन स्पीडन लुईस यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८५ रोजी झाला. एकोणिसाव्या वर्षी ते वडिलांच्या दुकानात रुजू झाले आणि एकविसाव्या वर्षी त्यांना पेढीचा चौथा हिस्सा मिळाला. जमाखर्च पाहताना एक गोष्ट त्यांच्या मनाला बोचू लागली. वडील, ते स्वतः आणि धाकटे बंधू अशा तिघांच्या पदरी पडणारी रक्कम सुमारे ३०० नोकरांच्या एकूण पगाराहूनही अधिक होती. १९०९ साली घोड्यावरून पडून त्यांना गंभीर दुखापत झाली व दीर्घकाळ अंथरुणावर राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत, धंद्याचे फळ त्यात राबणाऱ्या सर्वांना कसे मिळेल, या एकाच प्रश्नाचा त्यांनी ध्यास घेतला.

वडिलांनी १९०६ साली स्लोन स्क्वेअर येथील ‘पीटर जोन्स’ हे दुकान विकत घेतले होते. ते नीट चालत नव्हते. १९१४ साली वडिलांनी त्याचा कारभार स्पीडन यांच्या हाती दिला. अट एवढीच की, सायंकाळी पाचपर्यंत त्यांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर काम करावे. त्यानंतर उरलेल्या वेळात हे बुडते दुकान सावरायचे होते.

स्पीडन यांनी प्रथम कामाचे तास कमी केले आणि पगाराची पद्धत सुधारली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सामान्य सेवकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या समित्या त्यांनी स्थापन केल्या. या समित्या थेट त्यांनाच भेटत आणि बैठकीस कोणीही वरिष्ठ हजर नसे. त्यामुळे मनातील गोष्ट निर्भयपणे बोलता येई. १९१८ साली त्यांनी ‘गॅझेट’ नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यात कोणाही सेवकाला नाव न देता सूचना किंवा तक्रार लिहिता येई व तिला उत्तर देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक असे. १९१९ साली सेवकांचे मंडळही निवडले गेले.

वाचकहो, यामागील मर्म साधे आहे. गिऱ्हाईक कोणती वस्तू मागते, काय न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परत फिरते, कोणत्या शब्दाने दुखावते, हे धन्याच्या खोलीत कळत नाही. ते गल्ल्यामागे दिवसभर उभ्या असलेल्या मुलीला कळते. परंतु तिचे कोणी ऐकणार नसेल, तर ती कशासाठी बोलेल? आणि जिची स्वतःची उपेक्षा होते, तिने गिऱ्हाइकाची आस्थेने विचारपूस करावी, ही अपेक्षा तरी कशी धरावी? स्पीडन यांनी हे ओळखले होते. काही वर्षांतच पीटर जोन्सचा तोटा जाऊन तेथे नफा दिसू लागला.

हा मार्ग सुखाचा नव्हता. पितापुत्रांचे तीव्र मतभेद झाले व १९१६ साली स्पीडन यांनी मुख्य पेढीतील आपला हिस्सा सोडून पीटर जोन्सची मालकी पत्करली. १९२० साली वडिलांच्या दुकानातील सुमारे ४०० नोकरांनी संप केला. त्याच वर्षी मुलाच्या दुकानात नफ्याची वाटणी सुरू झाली. कालांतराने दोघांचा समेट झाला. १९२८ साली वडील निवर्तले आणि अवघा व्यवसाय स्पीडन यांच्याकडे आला.

आता आपला शब्द खरा करण्याची वेळ होती. १९२९ साली त्यांनी व्यवसाय विश्वस्तांच्या हवाली केला व नफा सेवकांमध्ये वाटला जावा, अशी कायदेशीर तजवीज केली. १९५० साली दुसऱ्या करारान्वये ही व्यवस्था पूर्ण झाली. तेथील सेवकांना नोकर न म्हणता भागीदार म्हटले जाऊ लागले. १९५५ साली स्पीडन निवृत्त झाले आणि २१ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या संस्थेलाही वाईट दिवस चुकले नाहीत. १९४० साली बाँबहल्ल्यात ऑक्सफर्ड स्ट्रीटचे दुकान जळाले. २०२१ साली, १९५३ नंतर प्रथमच, भागीदारांना बोनस देता आला नाही. भागीदारी म्हणजे सदैव लाभ नव्हे, तर लाभात आणि हानीतही वाटा.

आपल्यापैकी कोणाचे किराणा दुकान असेल, कोणाचा दवाखाना, कोणाची शाळा. हाताखालच्या माणसाला त्याचे मत आपण शेवटचे केव्हा विचारले? आणि त्याने ते निर्भयपणे सांगावे, अशी जागा आपण त्याला दिली आहे काय? लंडनच्या या दुकानदाराचे चरित्र हेच दोन प्रश्न आपल्यापुढे ठेवते.