खिळ्यांचा चित्रकार

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याकडून आपण सरळ, सुबक ओळींचीच अपेक्षा करतो. एखादे अक्षर उलटे लागले किंवा शाई फासली गेली, तर तो कागद रद्दीत जातो. परंतु हॉलंडमधील एका मुद्रकाने अशा उलट्यासुलट्या अक्षरांतूनच नवी कला निर्माण केली. त्याचे नाव हेंड्रिक वेर्कमन.

उत्तर हॉलंडमधील ग्रोनिंगन प्रांतात, लेन्स या खेड्यात १८८२ साली त्याचा जन्म झाला. १९०८ साली त्याने ग्रोनिंगन शहरात स्वतःचा छापखाना काढला. धंद्याची भरभराट झाली. सुमारे वीस कामगार तेथे काम करू लागले. पुढे मात्र दिवस फिरले आणि १९२३ साली छापखाना बंद पडला. उरलीसुरली सामग्री घेऊन एका वखारीच्या माळ्यावर त्याने पुन्हा बस्तान बसवले. वयाची चाळिशी तेव्हा उलटली होती. या वयात माणसे सहसा नवा खेळ मांडीत नाहीत. वेर्कमनने तो मांडला.

कुंचल्याऐवजी त्याने शाईचा रूळ हाती घेतला. रुळाने तो कागदावर रंगांचे पट्टे ओढी, मग जुन्या लाकडी अक्षरांचे ठसे त्यांवर उमटवी. अक्षराचा उच्चार काय, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. तो त्याचा आकार तेवढा पाही. दाराच्या कुलपाची पट्टीसुद्धा शाई लावून त्याने छापली!

कचेरीतील पत्रांसाठी असलेले टंकलेखन यंत्रही त्याच्या तावडीतून सुटले नाही. या यंत्राला ना रंगांची विविधता, ना रेषेचा डौल. ठरलेली अक्षरे, ठरलेले अंतर. पण कागद आडवा घातला, रूळ हाताने किंचित फिरवला, अक्षरावर अक्षर उठवले, की कोठे दाट छाया पडते, कोठे विणलेल्या कापडासारखी नक्षी उमटते. ही चित्रे म्हणावीत की कविता? वाचू जावे तर अर्थ लागत नाही. नुसते पाहत राहावे तर अक्षरांची लय मनात घुमू लागते.

१९२३ ते १९२६ या काळात त्याने 'द नेक्स्ट कॉल', म्हणजे 'पुढची हाक', या नावाचे नऊ अंक काढले. ते तो परदेशांतील कलावंतांनाही पाठवी.

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंड व्यापले. छपाईवर कडक पहारा बसला. अशा वेळी वेर्कमन आणि त्याचे मित्र 'निळी नौका' या नावाने गुप्तपणे पुस्तिका काढू लागले. अशा चाळीस पुस्तिका निघाल्या. १९४२-४३ मध्ये हॉलंडमधील ज्यू लोकांना धरून छळछावण्यांकडे धाडले जात होते. नेमक्या त्याच वेळी या मुद्रकाने ज्यू संतांच्या कथांवर वीस रंगीत चित्रे छापली. त्यांत घोषणा नव्हती, शिवीगाळ नव्हती. होते ते रंग आणि साध्या मानवाकृती. तरीही त्या दिवसांत असा कागद जवळ बाळगणे धोक्याचे होते.

१३ मार्च १९४५ रोजी जर्मन गुप्त पोलिसांनी त्याला पकडले व त्याची पुष्कळ चित्रे जप्त केली. १० एप्रिल रोजी बाकेफेन गावाजवळच्या रानात आणखी नऊ कैद्यांबरोबर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. अवघ्या तीन दिवसांनी कॅनडाचे सैन्य ग्रोनिंगनला येऊन भिडले. शहर मुक्त झाले. पण त्या लढाईच्या आगीत जप्त केलेली चित्रे जळून गेली. मित्रांच्या घरी गेलेली तेवढी वाचली.


त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या नगर संग्रहालयात ती भिंतीवर लागली.